ट्रान्सप्लांटनंतरचं पोट आणि दुर्बिणीची तपासणी: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणी लिहिलंय? तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टरांनी शरीरातून काढलेले तुकडे फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटल्यांतून आमच्याकडे येतात, त्यांच्या स्लाइड मी बनवते. वाचायचं काम पॅथॉलॉजिस्टचं. माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला, मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, आणि पेशी दिल्या मी. सगळं सुरळीत पार पडून तो रामबागेतल्या घरी परतला आणि मग त्याचं पोट बिघडलं. त्या दिवसांत जे शिकले ते लोक फोन करकरून विचारतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. औषधपाणी तुमचे ट्रान्सप्लांटचे डॉक्टरच ठरवतील.

जुलाब लागले म्हणजे जीव्हीएचडीच ना?

इथेच सगळे घसरतात. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीराला परकं समजून केलेला हल्ला, हे एक मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. ट्रान्सप्लांटआधीच्या जबरदस्त किमोने सोललेलं आतडं पहिले दोन-तीन आठवडे तसंही रडतंच. त्याशिवाय सीएमव्ही, ॲडेनो, नोरो, रोटा असे व्हायरस असतात. अँटिबायोटिक्सच्या माऱ्यानंतर फोफावणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू असतो. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात ते मायकोफेनोलेट हे औषध स्वतःच आतडं सुजवू शकतं. आणि एक फारच साधं कारण लोकांच्या लक्षात येत नाही: सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ह्या तसल्याच औषधांमुळे रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात, आणि त्या गोळ्यांनी पोट चालतं!

ह्या सगळ्यांत संडास दिसते सारखीच. इलाज मात्र एकमेकांच्या उलटे. जीव्हीएचडीत प्रतिकारशक्ती दाबायची, व्हायरसमध्ये ती दाबली तर व्हायरसचं फावतं. म्हणून अंदाजाने गोळ्या चालू करण्यापेक्षा दुर्बिणीची तपासणी बरी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघायचं आणि तपासायला तुकडे घ्यायचे (बायोप्सी).

ट्रान्सप्लांटला शंभर दिवस पूर्ण झाले. आता धोका टळला ना?

आम्हीही शंभराव्या दिवशी घरी पुरणपोळी केली होती. पूर्वी शंभर दिवसांच्या आतला जीव्हीएचडी तो ॲक्यूट आणि नंतरचा तो क्रॉनिक अशी सरळ वाटणी असे. २००५ साली अमेरिकेतल्या एनआयएच ह्या संस्थेच्या तज्ज्ञांनी ती बदलली आणि दिवसांपेक्षा लक्षणांवर नाव ठेवायचं ठरवलं. त्यामुळे शंभर दिवसांनंतरही ॲक्यूट प्रकारचा त्रास होऊ शकतो, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी करायला घेतल्यावर. भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. सायक्लोस्पोरिनचा डोस उतरवत आणला आणि तिसऱ्या आठवड्यात हिरवट, पाण्यासारखी संडास सुरू झाली. कॅलेंडरवर दिवस मोजायचे ते डॉक्टरांसाठी. आतड्याला तारीख कळत नाही.

डॉक्टर विचारतात, किती वेळा झाली? ते तर सांगतो आम्ही.

किती वेळा, त्यापेक्षा किती मिली हे महत्त्वाचं. मोठ्या माणसात दिवसाला ५०० ते ९९९ मिली पातळ संडास म्हणजे आजाराच्या जोराची पहिली पायरी, १००० ते १५०० दुसरी, १५०० च्या वर तिसरी. पोटात असह्य कळा किंवा उघड रक्त असेल तर मोजमाप बाजूला ठेवून थेट चौथी. पन्नास किलोंच्या आतल्या मुलांत हिशेब वजनावर चालतो: दर किलोला १० ते २० मिलीपर्यंत पहिली, २० ते ३० दुसरी, ३० च्या वर तिसरी.

आम्ही कमोडमध्ये बसणारं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि स्वयंपाकघरातला खुणांचा जुना मग कायमचा बाथरूमला देऊन टाकला. वही दाराच्या खिळ्याला टांगलेली. वेळ, मिली, रंग, रक्त आहे-नाही, ताप. आईला हे फार किळसवाणं वाटायचं. पण मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न मिलीचाच विचारला, आणि ८६० हा आकडा ऐकल्यावर पुढचं बोलणं दोन मिनिटांत संपलं: "उद्या दुर्बीण करून घ्या, तुकडे घ्यायला सांगा."

हातमोजे घाला. लघवी त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर आकडा फुगतो.

इसबगोल, बेलाचा मुरंबा, ताकात जिरं… हे करून बघू का?

एका आठवड्यात चौदा नातेवाईकांनी आम्हाला हेच सांगितलं. सगळे प्रेमाने सांगतात. विचारल्याशिवाय काहीच देऊ नका, आणि जुलाब थांबवायची गोळी तर अजिबात नाही. संडास कोंडली म्हणजे रोग थांबला असं होत नाही.

नुसती संडास आणि रक्त तपासून भागत नाही का?

ते आधी करायचंच. संडासच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडियमचं विष, व्हायरस, इतर जंतू बघतात. रक्तात सीएमव्हीचा पीसीआर होतो. पण रक्तातला सीएमव्ही निगेटिव्ह असूनही आतड्यात तो असू शकतो. आणि जीव्हीएचडी ठामपणे सांगेल अशी संडासची रोजची चाचणी नाही. जंतू सापडला तरी जीव्हीएचडी सोबतीला नाही असं धरता येत नाही. दोघं हातात हात घालून येतात.

वरून दुर्बीण घालतात की खालून?

लक्षणावर आहे. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली, असं असेल तर वरून: अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात. जुलाब असतील तर खालून. पुष्कळदा दोन्ही एकाच बैठकीत करतात.

खालून म्हणजे प्रत्येक वेळी अख्खी कोलोनोस्कोपी नव्हे. गुदाशय आणि त्याच्या वरचा वळणाचा भाग, सिग्मॉइड, एवढ्यातून तुकडे घेतले तरी बहुतेकदा निदान होतं, कारण हा आजार एका कोपऱ्यात बसून राहणारा नाही, पसरणारा आहे. आधीच गळून गेलेल्या माणसाला चार लिटर औषध पाजून आतडं धुण्यापेक्षा एनिमा देऊन होणारी ही छोटी तपासणी सोसते. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग, टर्मिनल इलियम, बघायचा असेल तर पूर्ण जावंच लागतं, आणि जीव्हीएचडीचा जोर तिथे बऱ्याचदा जास्त असतो. पोट धुवायला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं औषध चांगलं. फॉस्फेटवाल्या औषधाने आतड्याच्या पेशी थोड्या मरतात आणि स्लाइडमध्ये ते जीव्हीएचडीसारखंच दिसतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम अशा केसमध्ये फोन करून विचारतात, "प्रेप कशाने केली होती?"

स्क्रीनवर नेमकं काय दिसतं?

निरोगी आतड्याचं अस्तर गुलाबी, ओलसर, चकचकीत असतं, खालून रक्तवाहिन्यांची बारीक नक्षी दिसते. आजारात ती नक्षी पुसली जाते. अस्तर सुजतं, लाल ठिपके येतात, मग लाली पसरते, छोटे व्रण पडतात, आणि अगदी वाईट अवस्थेत अस्तर सोलून निघतं आणि आतडं कच्च्या जखमेसारखं दिसतं. जपानी डॉक्टरांनी मोठ्या आतड्यातल्या एका खुणेला कासवाच्या पाठीची उपमा दिली आहे: सुजलेल्या अस्तरावर तुकड्यातुकड्यांची नक्षी. टर्मिनल इलियममध्ये पाणी भरून पाहिलं तर निरोगी रसांकुर पाण्यात गवतासारखे हलताना दिसतात. जीव्हीएचडीत ते आखूड होतात, कधी नाहीसेच होतात, आणि तिथली जमीन बोडकी दिसते.

आता कॅमेरे फार पुढे गेले आहेत. मोठं करून दाखवणारी दुर्बीण आहे, निळ्या-हिरव्या उजेडात रक्तवाहिन्या उठून दिसणारी एनबीआय आहे, पेशींपर्यंत पोचणारी लेझरवाली आहे. ह्यांचा खरा उपयोग तुकडा कुठून घ्यायचा हे कळायला होतो.

रिपोर्टमध्ये "कोलोन नॉर्मल", म्हणजे मोठं आतडं ठीक, असं आलंय. म्हणजे सुटलो ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि इथे मी जरा चिडूनच लिहिणार आहे.

भावाची पहिली दुर्बीण झाली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. पंधरा मिनिटांत रंगीत फोटोंचा कागद हातात आला: गुलाबी, स्वच्छ, सुंदर आतडं. खाली लिहिलेलं, नॉर्मल. मी विचारलं, तुकडे? उत्तर मिळालं, "काही दिसलंच नाही तर तुकडे कशाचे घेणार?" आई तर रडायलाच लागली, आनंदाने. घरी आल्यावर त्या रात्री वहीत ११४० लिहिलं.

जीव्हीएचडीत अस्तर डोळ्याला साफ दिसूनही आत पेशी मरत असू शकतात. हे अपवादाने होत नाही, पुष्कळदा घडतं. ज्याला ट्रान्सप्लांटचे पेशंट बघायची सवय आहे तो डॉक्टर चांगल्या दिसणाऱ्या भागातूनही तुकडे घेतो, वेगवेगळ्या जागांमधून घेतो, आणि प्रत्येक जागेची बाटली वेगळी ठेवतो. चार दिवसांनी दुसरीकडे नुसती सिग्मॉइडोस्कोपी केली. आतडं तेवढंच गुलाबी. ह्या वेळी तुकडे घेतले. निदान त्यांत होतं.

म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना सांगून ठेवा: हा ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी हवी आहे. मागणीच्या कागदावर ट्रान्सप्लांटची तारीख, डोनर कोण, चालू औषधांची यादी आणि शंका कशाची, हे लिहायला लावा. आमच्याकडे अनेक बाटल्यांवर नुसतं "जुलाब" एवढंच लिहून येतं. त्यावरून पॅथॉलॉजिस्टने काय ओळखावं?

तुकडा लॅबमध्ये गेल्यावर काय होतं? इतका वेळ का लागतो?

माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल. तुकडा तिळाएवढा असतो. फॉर्मॅलिनमध्ये तो आधी पक्का होऊ द्यावा लागतो, घाई केली की स्लाइड खराब. मग रात्रभर मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरायचं, मेणाचा ठोकळा करायचा, आणि तीन-चार मायक्रॉनची पापुद्र्यासारखी कापं काढायची. ती कापं एकमेकांना चिकटून रिबनसारखी निघतात, कोमट पाण्यावर तरंगतात, तिथून अलगद काचेवर उचलायची. पंखा चालू राहिला तर रिबन उडते. मे महिन्यातही आम्ही ह्या टेबलाशी पंखा बंद ठेवून बसतो. मग निळा-गुलाबी रंग द्यायचा.

आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींना क्रिप्ट म्हणतात. स्टँडमध्ये शेजारी शेजारी उभ्या केलेल्या टेस्ट ट्यूबसारख्या त्या दिसतात. जीव्हीएचडीत ह्या ट्यूबच्या बुडाशी पेशी आतल्या आत तुटून मरतात, त्याला ॲपॉप्टोसिस म्हणतात. काचेवर ते काळसर चुरा पडल्यासारखं दिसतं. १९७४ पासून ह्याच्या चार श्रेणी वापरात आहेत: पहिलीत सुट्या पेशी मेलेल्या, दुसरीत एखाददुसरी ट्यूब खराब किंवा गायब, तिसरीत लगतच्या दोन-तीन गायब, चौथीत अस्तरच गेलेलं. चुरा एखाद्याच कापात असू शकतो, म्हणून एकाच तुकड्याच्या अनेक पातळ्यांवरून कापं काढतो. घाई असेल तर आधी फोन करा, बहुतेक लॅब नमुना पुढे घेतात.

आणखी एक: किमोनंतरच्या पहिल्या वीसेक दिवसांत किमोमुळेही असाच चुरा दिसतो. तेव्हाची बायोप्सी जपून वाचावी लागते.

रिपोर्टमध्ये "सीएमव्हीसाठी आयएचसी" लिहिलंय. ते काय?

सीएमव्ही हा व्हायरस पुष्कळांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती दबली की उठतो. आतड्यात खोल, कोरून काढल्यासारखे व्रण पाडतो. काचेवर त्याची लागण झालेली पेशी फुगलेली आणि मध्ये घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका. असे डोळे दरवेळी सापडत नाहीत, म्हणून आयएचसी ह्या खास रंगाने तो हुडकतात. व्रण असेल तर त्याच्या बुडातून आणि कडेतून, दोन्हीकडून तुकडा घेतलेला चांगला. ही तपासणी मागूनच घ्या, कारण त्यावर औषध वेगळं आहे, गॅन्सिक्लोव्हिर, आणि ते रक्तपेशी उतरवतं. उगाच द्यायचं औषध नाही ते.

मायकोफेनोलेटमुळे झालं की जीव्हीएचडीमुळे, हे काचेवर कळतं?

कधी कधी. दोन्हींत पेशी मरताना दिसतात. मायकोफेनोलेटच्या बाजूने इओसिनोफिल नावाच्या पेशी जास्त असतात. शेवटी डॉक्टरांना औषध बंद करून किंवा बदलून बघावं लागतं. सगळ्या गोळ्यांची यादी, अगदी ॲसिडिटीच्या गोळीसह, खिशात ठेवा. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांनी जठराच्या तुकड्यातही चुरा दिसतो.

आमच्या डॉक्टरांनी टीएमए हा शब्द वापरला.

बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावून त्यात गुठळ्या होतात, तो हा प्रकार. आतड्यात झाला तर कळा आणि रक्त. बीपी वाढतं, लघवीत प्रोटीन जातं, रक्तात एलडीएच हे एन्झाइम वाढतं, फुटक्या तांबड्या पेशी दिसतात. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस त्याला हातभार लावू शकतात, त्यामुळे जीव्हीएचडी समजून तीच वाढवली तर आगीत तेल. निदान अवघड आहे, पण नाव निघालं की गंभीरपणे घ्या.

प्लेटलेट कमी आहेत. तुकडा घेताना रक्त वाहणार नाही?

भीती रास्त आहे. बरीच केंद्रं बायोप्सीसाठी प्लेटलेट ५०,००० च्या आसपास असाव्यात असं बघतात, कमी असतील तर आधी चढवतात. रक्त आणि प्लेटलेट रेडिएशन दिलेले हवेत, हे ब्लड बँकेला आवर्जून सांगा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, ड्युओडेनममधून तुकडा घेतल्यावर भिंतीत रक्त साकळण्याचा धोका ट्रान्सप्लांटच्या पेशंटना, त्यातही मुलांना, जास्त असतो. वरच्या तपासणीनंतर पोट दुखून उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघू नका.

पांढऱ्या पेशी अगदी तळाला असताना उजव्या कुशीत दुखतंय, ताप आहे, पोट फुगलंय, तर वेगळी शंका येते: आतड्याला सूज येऊन ते फुटण्याच्या बेतात असणं. तेव्हा दुर्बीण टाळतात आणि सोनोग्राफी किंवा सीटी करतात.

कॅप्सूल गिळून फोटो काढतात, ते नाही का चालणार?

कॅप्सूल लहान आतड्याचे फोटो छान काढते, पण तुकडा आणत नाही. अडकूही शकते. दुर्बीण पोचत नाही तिथे पूरक म्हणून, एवढंच.

रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइड चालू करायला थांबायचं का?

नेहमी नाही. शंका पक्की आणि पेशंट घसरत असेल तर डॉक्टर तुकडे घेऊन लगेच स्टेरॉइड चालू करतात, साधारण किलोला दिवसाला २ मिलीग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, सौम्य असेल तर कमी. आधी तुकडे, मग इंजेक्शन, हा क्रम शक्य तिथे पाळावा. तीन दिवसांत बिघडत गेलं किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर स्टेरॉइड लागू होत नाही असं धरतात. त्यासाठी रक्सोलिटिनिब ह्या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा दुर्बीण पुन्हा करायलाही सांगू शकतात, कारण मधल्या काळात सीएमव्हीने शिरकाव केलेला असू शकतो.

गिळताना घास अडकतो. त्याचाही संबंध आहे?

असू शकतो. क्रॉनिक जीव्हीएचडीत अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदे किंवा आवळलेली जागा तयार होते. दुर्बिणीत ते दिसतं आणि फुगा घालून रुंदही करता येतं. भिंत नाजूक असते, म्हणून सवयीच्या हातानेच.

स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट झालंय. आम्हालाही हे सगळं?

मायलोमा ह्या रक्ताच्या कॅन्सरसाठी करतात ते बहुधा असंच असतं. तिथे जीव्हीएचडी क्वचितच. किमोची सूज आणि जंतू ह्यांचाच विचार आधी.

इंदूरला होईल की मुंबई गाठायची?

दुर्बीण आणि बायोप्सी इंदूरला नक्की होते. आपल्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये २०१८ पासून ट्रान्सप्लांटही होतात, थॅलेसिमियाच्या मुलांना त्याचा मोठा आधार झाला. प्रश्न असतो तो ट्रान्सप्लांटची बायोप्सी वाचायची सवय असण्याचा. आम्ही इथे तुकडे घेतले, इथेच स्लाइड झाली, आणि मेणाचे ठोकळे मी डब्यात घालून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला नेले, दुसरं मत घ्यायला. ठोकळा मागितला की बहुतेक ठिकाणी मिळतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते. पेशंटला घेऊन आडव्या-तिडव्या प्रवासापेक्षा हे सोपं. मात्र १५०० मिलीच्या वर आकडा, रक्त, किंवा चक्कर असेल तर गाडीची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हा आणि तिथून मुंबईला फोन लावा.

सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, कधी जाता येईल?

भाऊ रोज विचारायचा. डॉक्टर "हो" म्हणेपर्यंत नाही. आमच्याकडे पोहे घरचे, उकळलेलं पाणी, शेव बंद, जिलबी बंद. इंदुरी माणसाला शेव नसलेले पोहे म्हणजे शिक्षा, मान्य आहे.

डोनर मीच होते. माझ्यामुळे झालं का हे?

हा प्रश्न फोनवर शेवटी येतो, आवाज खाली करून, आणि मला तो लगेच ओळखू येतो. भावाची स्लाइड मीच रंगवली होती. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली दाखवली: बुडाशी चुरा झालेली ट्यूब, आणि तिच्याभोवती गोळा झालेल्या गडद निळ्या लिंफोसाइट पेशी. त्या माझ्या होत्या. मी दोन दिवस त्याच्या समोर गेले नाही.

मग मॅडमनी समजावलं की ह्याच पेशी उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही शोधून मारतात, तो फायदा आणि हा त्रास एकाच हातून होतो. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, तंतोतंत जुळल्या तरी बारीकसारीक फरक राहतात, ते कुणी दिलेले नसतात, कुणाची चूकही नसते. भावाला मी हे सगळं स्लाइडसकट सांगितलं. तो तेव्हा सलाइनवर होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, इंदूरच्या पेशी आहेत त्या. आल्या आल्या सफाईलाच लागल्या."